समुद्रात पवनचक्क्या, दोन देशांत एक तार. मग वीज कुणाची अन् भाव कुणाचा?

मागच्या आठवड्यात रात्री दारं धरायला गेलो होतो. थ्री फेज यायला अजून वेळ होता, म्हणून मोटरीपाशी बसून मोबाइल चाळत बसलो. गावच्या ग्रुपवर एकानं व्हिडिओ टाकलेला. भर समुद्रात पवनचक्क्यांची रांग, आणि खाली लिहिलेलं की एका देशाचा वारा दुसऱ्या देशाचा दिवा लावतो. त्याखाली लगेच प्रश्न सुरू. मीटर कुठं बसवतात? बिल कोण भरतं? भांडण झालं तर पंचनामा कोण करणार?

प्रश्न चेष्टेत विचारले असले तरी बरोबर आहेत. आपल्या पाटण तालुक्याला पवनचक्की नवी नाही, वनकुसवडेच्या पठारावर ती कधीपासून फिरतेय. रस्ता कुणाच्या बांधावरून अन् तार कुणाच्या रानातून, यावर किती बैठका बसतात हेही आपण बघतो. समुद्रात तर बांधच नाही. मग तिथं कसं ठरवतात, ते डेन्मार्क आणि जर्मनीच्या एका खऱ्या प्रकल्पावरून बघू.

समुद्राचा सातबारा

समुद्राच्या हद्दींचा कायदा संयुक्त राष्ट्रांनी १९८२ साली केला. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत, त्या देशाची स्वतःची हद्द. त्यापुढं २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे जवळपास ३७० किलोमीटर, त्या देशाचं 'आर्थिक क्षेत्र'. तिथले मासे, खनिजं आणि वाऱ्यापासून वीज करायचा हक्क त्या देशाचा. पण जहाजं कुणाचीही जाऊ शकतात, आणि तळाशी केबल टाकायचं स्वातंत्र्य दुसऱ्या देशांनाही आहे. थोडक्यात, पीक घ्यायचा हक्क एकाचा, पण वाट सगळ्यांची. पवनचक्कीभोवती ५०० मीटरपर्यंत सुरक्षित पट्टा ठेवता येतो, आणि मासेमारी करणाऱ्यांचा पहिला वाद बहुतेक तिथंच होतो.

समुद्रात पवनचक्क्या उभ्या करायला पहिली सुरुवात डेन्मार्कनं केली. १९९१ साली विंडेबी इथं ११ पवनचक्क्या लावल्या, सगळ्या मिळून पाच मेगावॅटच्या आसपास. तेव्हा तार सरळ आपल्याच किनाऱ्याला. शेजाऱ्याचा संबंध नाही, त्यामुळं वादही नाही.

दोन विहिरी, मधे एक पाइप

डेन्मार्क आणि जर्मनीच्या मधे बाल्टिक समुद्रात 'क्रीगर्स फ्लाक' नावाचा उथळ भाग आहे. डेन्मार्क, जर्मनी आणि स्वीडन या तिघांची आर्थिक क्षेत्रं तिथं एकमेकांना लागून. जर्मनीनं तिकडं बाल्टिक-१ (४८ मेगावॅट) आणि बाल्टिक-२ (२८८ मेगावॅट) हे पवनचक्क्यांचे प्रकल्प केले. डेन्मार्कच्या बाजूला ७२ पवनचक्क्यांचा, सुमारे ६०० मेगावॅटचा प्रकल्प २०२१ साली पूर्ण झाला.

आता समजा, दोघा शेजाऱ्यांच्या विहिरी बांधाच्या अलीकडं-पलीकडं आहेत. प्रत्येकाची पाइपलाइन आपापल्या घरापर्यंत गेलेली. दोन विहिरींच्या मधे एक छोटा पाइप जोडला, तर दोन्ही घरं आपोआप जोडली जातात. नवी लांब पाइपलाइन खोदायची गरज नाही. विहिरीला पाणी कमी असेल तेव्हा रिकामा पाइप शेजाऱ्याचं पाणी आणायला चालतो.

तिथं नेमकं हेच केलं. दोन प्रकल्पांच्या मधे समुद्रातलं अंतर ३० किलोमीटरपेक्षा कमी. तेवढ्यात केबल टाकून ४०० मेगावॅटपर्यंत वीज इकडून तिकडं नेता येईल अशी जोडणी केली. डेन्मार्कची सरकारी पारेषण कंपनी एनर्जीनेट (आपल्याकडं महापारेषण असते तशी) आणि जर्मनीची ५०हर्ट्झ यांनी ते काम केलं. युरोपीय संघानं १५ कोटी युरोपर्यंत मदत मंजूर केली होती. २०२० च्या शेवटी जोडणी सुरू झाली. स्वीडन सुरुवातीच्या चर्चेत होता, पण २०१० च्या सुमारास बाजूला झाला.

एक अडचण तांत्रिक होती. पूर्व डेन्मार्कचं ग्रीड नॉर्वे-स्वीडनच्या तालावर चालतं, जर्मनीचं बाकी युरोपच्या. दोन्हीकडं ५० हर्ट्झच, पण लय जुळत नाही. सरळ जोडलं तर सगळं ट्रिप होणार. म्हणून जर्मनीत बेंटविश इथं वीज एसीची डीसी आणि डीसीची परत एसी करणारं केंद्र बसवलं. हे ऐकायला परकं वाटतं, पण चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला असंच केंद्र आहे. महाराष्ट्राकडचं आणि दक्षिणेकडचं ग्रीड पूर्वी एका लयीत नव्हतं, तेव्हा वीज त्या केंद्रातून जायची. ३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर-रायचूर लाइन जोडली आणि देशाचं ग्रीड एक झालं. आपल्याकडं एकच देश, तरी एवढी वर्षं लागली.

पाइपवर पहिला हक्क कुणाचा?

तंत्रज्ञानापेक्षा खरी गुंतागुंत नियमाची होती. युरोपीय संघाचा २०१९ चा नियम सांगतो की, दोन देशांना जोडणाऱ्या लाइनची किमान ७० टक्के क्षमता खुल्या व्यापारासाठी मोकळी ठेवायची. हेतू चांगला. घरची वीज पुढं करून शेजाऱ्याला कुणी अडवू नये. पण हा नियम लिहिताना डोळ्यांसमोर जमिनीवरच्या साध्या लाइनी होत्या. आपल्या उदाहरणात सांगायचं तर, विहीर तुमची, पाइप तुमच्या विहिरीसाठी टाकलेला, आणि नियम म्हणतो ७० टक्के पाइप बाहेरच्या पाण्यासाठी रिकामा ठेवा. वारा जोरात असेल त्या दिवशी तुमचंच पाणी तुंबणार. म्हणजे पवनचक्क्या बंद ठेवाव्या लागणार.

दोन्ही देशांनी सूट मागितली. युरोपीय आयोगानं नोव्हेंबर २०२० मध्ये दिली, दहा वर्षांसाठी. त्यात ठरलं ते असं: वाऱ्याचा अंदाज घेऊन आधी पवनचक्क्यांची वीज जाईल, आणि लाइनमध्ये उरेल त्या जागेवर ७० टक्क्यांचा हिशेब लागेल. समुद्रातलं काम होत आलं होतं अन् कागद शेवटच्या महिन्यांत हातात पडला. तिथंही सरकारी काम असंच असतं, हे वाचून थोडं बरं वाटलं.

भावाचं गणित

आता भाव. समजा जर्मनीत युनिट आठ रुपये आणि डेन्मार्कात पाच (हे आकडे फक्त समजायला). डेन्मार्कच्या समुद्रातल्या पवनचक्कीला कोणता भाव? सध्या तिथं ज्या देशाचा समुद्र त्या देशाचा भाव धरतात. पुढच्या प्रकल्पांसाठी वेगळा विचार चाललाय: समुद्राचा स्वतंत्र भाव-विभाग करायचा, जणू समुद्रातच वेगळी बाजार समिती. पण जर्मनीकडची लाइन भरली की तिथं भाव डेन्मार्कचाच, म्हणजे पाच रुपये निघतो. वरचे तीन रुपये लाइनवाल्या कंपन्यांकडं जमा होतात. कायद्यानं ते त्यांना लाइनीच्या कामावर किंवा दर कमी करायला वापरावे लागतात. तरी पिकवणाऱ्याला कमी आणि मधल्याला जास्त, हे कांदा विकणाऱ्याला समजावून सांगायला नको. पवनचक्कीवाल्यांनी ओरड केली, तेव्हा २०२४ च्या सुधारणेत भरपाईची तरतूद आली. लाइनची ठरलेली क्षमता मिळाली नाही, तर पारेषण कंपन्यांनी नुकसान द्यायचं.

वापरणाऱ्याची तक्रार नेमकी उलटी. नॉर्वेकडं धरणांची स्वस्त वीज. २०२१ पासून जर्मनी आणि ब्रिटनला समुद्राखालून नव्या लाइनी सुरू झाल्या. पुढं युरोपात गॅस महागला तशी दक्षिण नॉर्वेतही वीज महागली. आपली वीज बाहेर गेली म्हणून आपल्यालाच महाग, अशी भावना पसरली. शेतकऱ्यांचा म्हणून ओळखला जाणारा तिथला सेंटर पक्ष जानेवारी २०२५ मध्ये युरोपच्या ऊर्जा नियमांवरून सरकारमधून बाहेर पडला. निर्यात बंद केली की पिकवणारा रडतो, खुली केली की खाणारा रडतो.

पंचनाम्याचा प्रश्न राहिला. २०२४ च्या नाताळात फिनलंड-एस्टोनियामधली वीज केबल तुटली. एका तेलवाहू जहाजाचा नांगर तळाशी फरफटला, असा आरोप होता. फिनलंडनं जहाज ताब्यात घेतलं, खटला भरला. ऑक्टोबर २०२५ मध्ये हेलसिंकीच्या न्यायालयानं सांगितलं की घटना १२ मैलांच्या बाहेरची आहे, हा खटला चालवायचा अधिकार आम्हाला नाही.

आपल्या देशाचं समुद्री पवन ऊर्जा धोरण २०१५ साली आलं. जून २०२४ मध्ये केंद्रानं ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली, गुजरात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावर प्रत्येकी ५०० मेगावॅटसाठी. कोकण किनारा त्या योजनेत नाही.