संप्रेरकांच्या कामात रसायनांची ढवळाढवळ

एखादा पदार्थ विष ठरतो की नाही हे त्याच्या मात्रेवर अवलंबून असते, हे सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने मांडलेले तत्त्व आधुनिक विषशास्त्राचा पाया मानले जाते, आणि औषधे, कीटकनाशके व अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या पदार्थांच्या सुरक्षित मर्यादा आजही बहुतांशी त्याच आधारावर ठरवल्या जातात. मात्र शरीरातील संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करणाऱ्या कृत्रिम रसायनांच्या बाबतीत मात्रेइतकीच, आणि काही वेळा तिच्याहूनही अधिक, महत्त्वाची ठरते ती संपर्काची वेळ, असे सांगणारा पुरावा गेल्या अर्धशतकात साचत गेला आहे. गर्भावस्थेच्या ठरावीक आठवड्यांत घडलेला संपर्क जन्माच्या वेळी कोणतीही खूण न दाखवता वीस-तीस वर्षांनी वंध्यत्व, वारंवार होणारे गर्भपात किंवा कर्करोग या रूपाने प्रकट होऊ शकतो, आणि म्हणूनच नुकसान दिसून आल्यावर बंदी घालण्याची नेहमीची रीत येथे अपुरी पडते.

संप्रेरके आणि त्यांची नक्कल

पीयूष, अवटू आणि अधिवृक्क ग्रंथी, तसेच स्त्रियांची अंडाशये व पुरुषांची वृषणे यांतून जे रासायनिक संदेशवाहक थेट रक्तात मिसळतात त्यांना संप्रेरके म्हणतात. वाढ, चयापचय, मासिक पाळी, शुक्राणूंची निर्मिती, गर्भधारणा ही सारी कामे त्यांच्या नियंत्रणाखाली चालतात, आणि तीही अत्यल्प प्रमाणात; गरोदर नसलेल्या स्त्रीच्या एक मिलिलिटर रक्तात इस्ट्रॅडिऑल या प्रमुख स्त्री-संप्रेरकाचे प्रमाण एका ग्रॅमच्या अब्जांश भागाहूनही कमी असते. इतक्या थोड्या रेणूंना एवढे काम करता येते, याचे कारण पेशींमधील ग्राही. ग्राही म्हणजे विशिष्ट संप्रेरकाला पकडणारी प्रथिने. कुलपात किल्ली बसावी तसा संप्रेरकाचा रेणू त्यांत बसतो, आणि ही जोडी पेशीच्या केंद्रकातील ठरावीक जनुकांचे काम सुरू करते किंवा थांबवते.

ही निवड काटेकोर असली तरी तिची फसगत होऊ शकते. इस्ट्रोजेन गटातील स्त्री-संप्रेरकांच्या ग्राहीत तर रचनेने बरेच वेगळे असलेले रेणूही बसतात आणि खऱ्या संप्रेरकासारखाच संदेश देतात. काही रसायने ग्राहीची जागा नुसती अडवून ठेवतात. डीडीटीच्या विघटनातून तयार होणारे डीडीई हे पुरुष-संप्रेरकांचा ग्राही अशा रीतीने अडवते, हे १९९५ मध्ये दाखवले गेले. आणखी काही रसायने ग्राहीला हातही न लावता संप्रेरकाची निर्मिती, रक्तातील वहन किंवा विघटन बिघडवतात. अशा सर्व पदार्थांसाठी ‘संप्रेरक-विघातक’ ही संज्ञा १९९१ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात थिओ कोलबोर्न यांच्या पुढाकाराने भरलेल्या शास्त्रज्ञांच्या बैठकीपासून रूढ झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये केलेल्या व्याख्येत या पदार्थांमुळे खुद्द जिवाला होणाऱ्या अपायाबरोबरच त्याच्या संततीला होणारा अपायही गृहीत धरला आहे. त्याच संघटनेने आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार अशी क्षमता असलेल्या, किंवा असल्याचा संशय असलेल्या, रसायनांची संख्या सुमारे ८०० भरते.

संततीचा हा उल्लेख का आवश्यक ठरला, हे गर्भाच्या वाढीकडे पाहिले की स्पष्ट होते. सुरुवातीच्या सुमारे सहा आठवड्यांपर्यंत मानवी गर्भात स्त्री आणि पुरुष अशा दोन्ही प्रकारच्या प्रजननमार्गांच्या प्राथमिक नलिका असतात. पुढे वाय गुणसूत्रावरील जनुकाच्या प्रभावाने वृषणे तयार झाली, तर त्यांनी स्रवलेली संप्रेरके एक नलिका टिकवतात आणि दुसरी नाहीशी करतात. अन्यथा त्या दुसऱ्या नलिकेपासून गर्भनलिका, गर्भाशय आणि योनीमार्गाचा वरचा भाग घडतो. पुरुष-अवयवांच्या जडणघडणीसाठी साधारण आठव्या ते चौदाव्या आठवड्यांचा काळ निर्णायक मानला जातो. प्रौढ शरीरातील संप्रेरकांचा बिघाड त्याचे कारण दूर झाल्यावर पुष्कळदा सुधारतो, परंतु अवयव एकदाच घडत असल्यामुळे त्या वेळी पोहोचलेला चुकीचा संदेश कायमचा कोरला जातो.

डीईएस: एका औषधाचा धडा

माणसांच्या बाबतीत याचा सर्वांत स्पष्ट पुरावा एका औषधाने दिला. चार्ल्स डॉड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३८ मध्ये इंग्लंडमध्ये डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल, म्हणजेच डीईएस, हे तोंडावाटे घेता येणारे कृत्रिम इस्ट्रोजेन तयार केले. त्याचे पेटंट घेतले गेले नाही, ते स्वस्तात बनत असे, आणि त्यामुळे अनेक कंपन्यांनी ते बाजारात आणले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९४७ मध्ये गर्भपात टाळण्यासाठी ते गरोदर स्त्रियांना देण्यास मान्यता दिली. शिकागो विद्यापीठात सुमारे १,६०० स्त्रियांवर झालेल्या आणि १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा काहीही उपयोग होत नसल्याचे आढळले, तरीही पुढे अठरा वर्षे ते लिहून दिले जात राहिले.

१९६६ ते १९६९ या काळात बॉस्टनमधील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये योनीमार्गाच्या एका अत्यंत दुर्मीळ कर्करोगाचे सात तरुण रुग्ण आढळले. हा रोग एरवी उतारवयात दिसत असल्यामुळे इतक्या लहान वयात तो कशाने व्हावा, याचा उलगडा होईना. आर्थर हर्ब्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक रुग्ण मिळवून या आठ मुलींची तुलना त्याच सुमारास त्याच रुग्णालयांत जन्मलेल्या ३२ निरोगी मुलींशी केली. आठपैकी सात मुलींच्या मातांनी गरोदरपणी डीईएस घेतले होते. ३२ मुलींच्या मातांपैकी एकीनेही घेतले नव्हते. एप्रिल १९७१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत गरोदर स्त्रियांना हे औषध देऊ नये असा इशारा निघाला. तोपर्यंत एकट्या अमेरिकेत माता आणि अपत्ये मिळून ५० लाख ते एक कोटी व्यक्तींचा त्याच्याशी संपर्क आल्याचा अंदाज आहे.

हा कर्करोग अशा मुलींपैकी सुमारे हजारात एकीला झाला. प्रजननावरील परिणाम मात्र कितीतरी अधिक व्यापक निघाले. अनेकींच्या गर्भाशयाची पोकळी नेहमीच्या त्रिकोणी आकाराऐवजी इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी अरुंद झाली होती. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन पाहणीत वयाच्या ४५ व्या वर्षापर्यंत वंध्यत्वाचे प्रमाण या स्त्रियांत सुमारे ३३ टक्के, तर संपर्क न आलेल्या स्त्रियांत १५.५ टक्के आढळले. अकाली प्रसूतीचे प्रमाण अनुक्रमे ५३ आणि १८ टक्के होते. औषध घेतलेल्या मातांपैकी बहुतेकींना त्या वेळी कोणताही त्रास झाला नव्हता आणि त्यांची बाळेही जन्मतः धडधाकट दिसत होती, ही बाब येथे सर्वांत बोलकी आहे. प्रौढांवरील दुष्परिणामांवरूनच सुरक्षितता जोखणारी कोणतीही चाचणी हा अपाय पकडू शकली नसती.

मुरगावच्या किनाऱ्यावरील पुरावा

औषध मुद्दाम घेतले जाते. पर्यावरणातील रसायन नकळत शरीरात शिरते. अशा नकळत संपर्काचे सर्वांत निर्विवाद उदाहरण समुद्री गोगलगायींचे आहे. जहाजांच्या बुडाला शेवाळ आणि शिंपलेवर्गीय जीव चिकटले की वेग घटतो व इंधन अधिक लागते, म्हणून १९६० च्या दशकापासून बुडाच्या रंगात ट्रायब्यूटिल टिन, अर्थात टीबीटी, हे कथिलाचे संयुग मिसळले जाऊ लागले. १९७० च्या सुमारास इंग्लंडमधील प्लिमथच्या किनाऱ्यावर गोगलगायींच्या माद्यांना नराचे शिश्न फुटलेले आढळले, आणि या विकाराचे मूळ टीबीटीत असल्याचे पुढील संशोधनाने दाखवून दिले. लिटरभर समुद्रपाण्यात ग्रॅमचा केवळ एक अब्जांश भाग टीबीटी असले तरी हा बदल सुरू होतो. मादीच्या स्पर्शिकेमागे शिश्न उगवते, शुक्रवाहिनीच्या ऊती तिच्या जननमार्गाच्या तोंडावर वाढत जातात, अंड्यांच्या पिशव्या बाहेर पडायला वाट न उरल्याने आतच साठतात आणि अखेरीस मादी मरते. या कारणाने कित्येक किनाऱ्यांवरून या गोगलगायी नाहीशा झाल्या.

हा विकार युरोपपुरता राहिला नाही. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १९९९ मध्ये मुरगाव बंदर परिसरातील ‘क्रोनिया कोंकणेन्सिस’ या शंखधारी जातीच्या माद्यांमध्ये हाच विकार असल्याची नोंद प्रसिद्ध केली. कालवांच्या शेतीचे मोठे नुकसान झाल्यावर फ्रान्सने १९८२ मध्येच लहान नौकांसाठी या रंगावर बंदी घातली होती. अशा रंगांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये अमलात आला. बंदीनंतर ब्रिटनच्या अनेक किनाऱ्यांवर गोगलगायी हळूहळू परतल्या. रसायन थांबवले तर निसर्ग सावरतो, हे यातून दिसते. पण पहिल्या नोंदीपासून जागतिक बंदीपर्यंत जवळपास चार दशके गेली, हेही विसरता येत नाही.

घरातील आणि शेतातील संपर्क

डॉड्स यांनी डीईएसपूर्वी तपासलेल्या रसायनांत बिस्फेनॉल ए, म्हणजेच बीपीए, या संयुगाचाही समावेश होता, आणि त्यात इस्ट्रोजेनचा गुण असल्याचे त्यांनी १९३६ मध्येच नोंदवले होते. औषध म्हणून ते मागे पडले, पण १९५० च्या दशकापासून पॉलिकार्बोनेट प्लास्टिक आणि अन्नाच्या डब्यांचे आतील अस्तर बनवण्यासाठी त्याचा प्रचंड वापर सुरू झाला. उष्णतेने किंवा प्लास्टिक जुने झाल्याने त्याचे रेणू अन्नपाण्यात उतरतात. मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत गाभण उंदरांच्या माद्यांना अत्यल्प मात्रेत बीपीए देऊन केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात त्यांच्या नर पिल्लांत शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटलेली आढळली, आणि हा परिणाम पुढील पिढ्यांतील नरांतही दिसला. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये बीपीएची दैनंदिन सुरक्षित मर्यादा आधीच्या मर्यादेच्या वीस हजारांश भागावर आणली. भारतात बाळांच्या दुधाच्या बाटल्यांत ते वापरू नये असे भारतीय मानक २०१५ पासून सांगते. मात्र ‘बीपीएमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंत अनेकदा त्याचाच भाऊबंद असलेले बिस्फेनॉल एस वापरले जाते, आणि त्यातही इस्ट्रोजेनसारखा गुण असल्याचे प्रयोगांत दिसले आहे.

प्लास्टिक लवचीक करण्यासाठी आणि सुगंध टिकवण्यासाठी वापरली जाणारी थॅलेटे वेगळ्या मार्गाने काम करतात. गर्भावस्थेत ती दिलेल्या उंदरांच्या नर पिल्लांत टेस्टोस्टेरॉनची निर्मिती घटते, वृषणे खाली उतरत नाहीत आणि मूत्रमार्गाचे छिद्र चुकीच्या जागी उघडते. शॅना स्वान यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकी पाहणीत, गरोदरपणी ज्या मातांच्या लघवीत काही थॅलेटांचे अंश अधिक होते त्यांच्या मुलांत पुरुष-संप्रेरकांचा प्रभाव कमी पडल्याची शारीरिक लक्षणे आढळली. भारतात खेळण्यांतील थॅलेटांवर मर्यादा घालणारे मानक २०२१ पासून बंधनकारक आहे.

शेतातील संपर्काची सर्वांत वेदनादायक कहाणी केरळच्या कासरगोड जिल्ह्यातील आहे. तेथील काजूच्या बागांवर दोन दशकांहून अधिक काळ विमानातून एंडोसल्फान फवारले गेले. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेच्या २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथील मुलांमध्ये लैंगिक परिपक्वता लांबल्याचे दिसले. या अभ्यासाच्या पद्धतीवर आक्षेपही घेतले गेले, तरी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशात या कीटकनाशकाचे उत्पादन आणि विक्री थांबवली.

संशय आणि जबाबदारी

या सर्वांचा एकत्रित परिणाम माणसांच्या प्रजननक्षमतेवर किती होतो, हा प्रश्न अद्याप वादाचा आहे. पन्नास वर्षांत शुक्राणूंचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आल्याचा निष्कर्ष डेन्मार्कच्या संशोधकांनी १९९२ मध्ये मांडला, आणि २०१७ च्या एका मोठ्या विश्लेषणात पाश्चात्त्य देशांत १९७३ ते २०११ या काळात ५० टक्क्यांहून अधिक घट दिसली. मोजणीच्या बदलत्या पद्धती, लठ्ठपणा, धूम्रपान आणि व्यवसायातील उष्णता यांचा वाटा वेगळा काढणे कठीण आहे, आणि प्रत्येक व्यक्तीच्या शरीरात एकाच वेळी अनेक रसायने असल्याने एकावर बोट ठेवणेही अवघड जाते. परंतु प्राण्यांवरील प्रयोग, निसर्गातील नोंदी आणि डीईएसचा मानवी पुरावा हे तिन्ही एकाच दिशेने बोट दाखवत असताना अंतिम सिद्धतेची वाट पाहणे म्हणजे पुढच्या पिढीलाच चाचणीचा विषय बनवणे होय.

प्लास्टिकच्या भांड्यात अन्न गरम न करणे, काच व स्टील वापरणे, कीटकनाशकांची फवारणी करताना अंग झाकणे ही काळजी उपयोगी आहे आणि ती घ्यायलाच हवी. तथापि अवयवांच्या घडणीचा निर्णायक काळ अनेकदा गर्भधारणा कळण्याच्या आसपासच सुरू होतो, आणि जे रसायन पाण्यात, धुळीत व अन्नाच्या वेष्टनात आहे त्यापासून कोणतीही माता एकटीने बाळाला वाचवू शकत नाही. म्हणून हा भार गरोदर स्त्रियांच्या सावधगिरीवर टाकणे अन्यायाचे आहे. नवे रसायन बाजारात येण्यापूर्वी त्याची संप्रेरकांवरील क्रिया आणि गर्भावरील परिणाम तपासणे उत्पादकांवर बंधनकारक असावे, आणि एका संयुगावर बंदी घालताना त्याच कुळातील पर्यायी संयुगेही त्याच निकषाने पारखली जावीत. डीईएस निरुपयोगी असल्याचे १९५३ मध्ये कळूनही ते १९७१ पर्यंत दिले गेले, आणि त्या अठरा वर्षांची किंमत ज्यांनी चुकवली त्यांपैकी कोणाचाही त्या निर्णयात काडीचाही भाग नव्हता. ज्यांचा अजून जन्मच झालेला नाही त्यांच्या वतीने बोलण्याची जबाबदारी कायद्याला टाळता येणार नाही.