अल्ट्रासोनिक पट्ट्याने कुत्र्या-मांजरांच्या पिसवा खरंच जातात का?

माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने पिसवा पळतात, असा दावा अल्ट्रासोनिक पट्टे विकणारे करतात. पण १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मांजरांवरच्या अभ्यासात या पट्ट्यांचा पिसवांवर परिणाम दिसला नाही. २००१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननेही अशी कीटक पळवणारी उपकरणं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या ६० हून अधिक कंपन्यांना पुराव्याशिवाय दावे न करण्याची ताकीद दिली.

२० किलोहर्ट्‌झच्या वरचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. कुत्र्या-मांजरांना मात्र येतो. म्हणजे पिसवा तशाच आणि कटकट प्राण्याला!

मग काय करायचं? पशुवैद्यांना विचारून औषध लावा. अंथरूण गरम पाण्यात धुवा, कारण पिसवांची अंडी तिथेच गळून पडतात. आणि कुत्र्याचं पर्मेथ्रिन असलेलं औषध मांजराला चुकूनही लावू नका. ते जिवावर बेतू शकतं.