ताकद आधी मज्जारज्जूत

स्नायूंना आकुंचनाचा आदेश देणाऱ्या प्रेरक चेतापेशी मज्जारज्जूत असतात. त्यांचे काम कबड्डीच्या मैदानावर दिसते. मुंबईतला काळाचौकी-लालबाग हा कबड्डीचा जुना पट्टा. इथल्या संघात नव्याने आलेल्या खेळाडूची ताकद पहिल्या काही आठवड्यांतच वाढते, तेव्हा मांडी फारशी भरलेली नसते. बदल आधी चेतासंस्थेत होतो, हे मोरितानी आणि डिव्हरीज या संशोधकांनी १९७९ मध्ये मोजून दाखवले. ताकदीच्या व्यायामाने प्रेरक चेतापेशी तुलनेने कमी जोरावरच कामाला लागतात आणि संदेश अधिक वेगाने सोडतात. चढाईत लागणारा झटका बराचसा यातूनच येतो. नुसत्या दंडाच्या घेरावर भाळण्यात अर्थ नाही. प्राण्यांवरील प्रयोगांत चेतातंतू आणि स्नायू यांचा जोडही व्यायामाने विस्तारलेला आढळला. प्रेरक चेतापेशींची संख्या मात्र व्यायामाने वाढत नाही.