‘आयसोलेटेड’ म्हणजे राजमाची नव्हे

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, शनिवार-रविवारी भुशी धरणाच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते आणि घाटात दरड आली की मुंबई-पुण्याची वाहतूक खोळंबते, हे नव्याने सांगायला नको. मला सांगायचे आहेत ते याच पावसाच्या इंग्रजी बातम्यांवर चाललेल्या एका संध्याकाळच्या वर्गातले किस्से. वर्गात ट्रेकचे गाईड होते, हॉटेलच्या काउंटरवरची मुले-मुली होती, टॅक्सीवाले होते, पवना धरणाकडून येणाऱ्या होमस्टेवाल्या एक ताई होत्या. अडचण सगळ्यांची एकच. पाहुणा फोनवर विचारतो, ‘इज इट सेफ?’ आणि पुढे गाडी अडते. मी पाठ्यपुस्तक कपाटात ठेवले आणि हवामान खात्याची पत्रके व इंग्रजी दैनिकांची कात्रणे टेबलावर पसरली.

पहिला खटका उडाला तो ‘हेवी’वर. ‘सत्तर मिलिमीटरला हेवी म्हणतात? ताई, तेवढ्याला आमच्याकडे कुणी छत्री उघडत नाही,’ असे म्हणून एका गाईडने कात्रण बाजूला सारले. तेव्हा फळ्यावर खात्याचे मोजमाप लिहिले. चोवीस तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर म्हणजे हेवी, 115.6 ते 204.4 म्हणजे व्हेरी हेवी, 204.5 पासून पुढे एक्स्ट्रीमली हेवी. विशेषणाला दशांश चिन्हापर्यंत माप असते, हे पाहून वर्ग गप्प झाला. काउंटरवरच्या मुलीने मात्र ते लगेच वापरले. ‘नॉट हेवी सर, व्हेरी हेवी,’ असे तिने एका पाहुण्याला ठणकावून सांगितले. पाहुण्याने खूश होऊन एक रात्र वाढवून घेतली.

‘हेवी रेनफॉल अॅट आयसोलेटेड प्लेसेस’ हे वाक्य पत्रकात जवळजवळ रोज असते. एका मुलाने शब्दकोश पाहून अर्थ लावला: एकाकी, आडबाजूच्या जागा. म्हणजे राजमाची, तुंग, तिकोना. बाजारपेठ सुरक्षित! पण खात्याच्या लेखी अर्थ वेगळा. पाऊस नोंदवणाऱ्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर तसा पाऊस झाला की त्याला आयसोलेटेड म्हणतात, त्याहून जास्त झाला की स्कॅटर्ड, मग फेअरली वाइडस्प्रेड आणि शेवटी वाइडस्प्रेड. मराठी बातमीत हेच ‘तुरळक ठिकाणी’ म्हणून येते. त्या तुरळकात गाव कोणते येईल, याचे उत्तर पत्रकात नसते. मुलाने वहीत राजमाची खोडले आणि तिथे आपल्या वाडीचे नाव लिहिले.

वर्गात दोन तट होते, लोणावळ्याचा आणि कामशेतचा. ‘क्लाउडबर्स्ट’वरून ते एकमेकांवर चढून बोलू लागले. लोणावळेकरांचा दावा होता की ढगफुटी आमच्याकडे दर पावसाळ्यात होते. कामशेतकरांना ते कबूल नव्हते. एका तासात सुमारे शंभर मिलिमीटर, तेही वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत, ही व्याख्या मी वाचून दाखवली. दोन्ही पक्षांना वाटले, आपणच जिंकलो. वाद मिटवला तो कोपऱ्यात बसलेल्या, एरवी तोंड न उघडणाऱ्या मुलाने. ‘साधा पर्जन्यमापक दिवसातून एकदा, सकाळी साडेआठला वाचतात. त्यावरून तासाचा पाऊस कसा काढणार?’ त्यासाठी आपोआप नोंद करणारे यंत्र लागते. ते कुणाकडेच नव्हते, त्यामुळे दोघांचीही ढगफुटी त्या दिवशी बाद झाली.

‘लँडफॉल’ला अर्धा वर्ग दरड समजला. त्यात नवल नाही. आंबेगाव तालुक्यातले माळीण 30 जुलै 2014 रोजी डोंगराखाली गेले, ते इथे कुणी विसरलेले नाही. लँडफॉल म्हणजे वादळाचे केंद्र किनारा ओलांडून जमिनीवर येणे. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर असेच आले. ‘मावळाला कुठला आलाय किनारा?’ असे कुणीतरी म्हणताच गुलाबाच्या पॉलिहाऊसवर काम करणारा एक जण उठला. वादळ घाट चढून आले तेव्हा त्याच्या डोक्यावरचा प्लॅस्टिकचा कागद चिंध्या होऊन उडाला होता. ‘आमच्याकडे थेट छतावरच लँडफॉल झाला,’ तो म्हणाला.

30 जून 2024 नंतरचा वर्ग मात्र वेगळा गेला. भुशीची ती दुर्घटना आणि तिचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला होता. एकाच कुटुंबातले पाच जण प्रवाहात वाहून गेले. टेबलावर कात्रणे होती. कुठे ‘ड्राउन्ड’ होते, कुठे ‘वॉश्ड अवे’, कुठे ‘स्वेप्ट अवे’. शोधकार्यात दोर धरणारा एक तरुण वर्गात यायचा. त्याने सगळी कात्रणे बोट ठेवून वाचली आणि विचारले, ‘ते उभे होते तेव्हा पाणी कमी होतं. मग वाढलं. हे यातला कुठला शब्द सांगतो?’ त्या रकान्यांत ‘फ्लॅश फ्लड’ कुठेच नव्हते. वरच्या डोंगरात पाऊस कोसळतो, ओढा काही मिनिटांत फुगतो, खाली उभ्या असलेल्याला त्याचा पत्ता नसतो, हे तेवढ्या दोन शब्दांत मावते. ते त्याला पटले, पण त्याचे समाधान झाले नाही. बातम्यांत ‘अॅट भुशी डॅम’ होते. जागा होती धरणामागच्या जंगलातला धबधबा. त्याचे पाणी धरणात येते. त्याने माझे पेन घेतले आणि प्रत्येक कात्रणावर ‘अॅट’ खोडून वर लिहिले, ‘अपस्ट्रीम ऑफ’. धरणाच्या पायऱ्यांवर गर्दी आणि पोलीस पाहून मागच्या बाजूला सरकणाऱ्यांना नेमका तोच शब्द माहीत असायला हवा, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. पुढच्या वर्षी 15 जून 2025 ला कुंडमळ्याचा पूल इंद्रायणीत कोसळला. तेव्हा ‘डायलॅपिडेटेड’, म्हणजे मोडकळीस आलेला, हा अवघड शब्द मला शिकवावा लागला नाही. मुलेच कात्रण घेऊन आली होती.

होमस्टेवाल्या ताईंचा शब्द ‘डिस्चार्ज’. सासूबाई नुकत्याच दवाखान्यातून घरी आल्या होत्या, त्यामुळे धरणाला डिस्चार्ज म्हटले की त्यांना हसू यायचे. मग हिशेब केला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28.3 लिटर. हजार क्युसेकचा विसर्ग म्हणजे दहा हजार लिटरचे जवळपास तीन टँकर, दर सेकंदाला. ताईंचे हसू मावळले. त्यांचे घर धरणाच्या वरच्या अंगाला, पण माहेर खाली, नदीकाठी. एका रात्री विसर्ग वाढवण्याचा इंग्रजी संदेश मोबाईलवर आला तसा त्यांनी भावाला फोन लावला आणि काठावरची पाण्याची मोटर वर काढायला लावली. भावाने चिखलात उतरून, दोघांना हाताशी घेऊन ती काढली. मग पुन्हा फोन केला. ‘अक्का, गावच्या ग्रुपवर तर अजून काहीच आलं नाही. तुला कुणी सांगितलं?’