समुद्रातल्या गाई

मनामाच्या बाजारात आपण घासाघीस करून सुरमई घेतो. ती ज्या तऱ्हेच्या जाळ्यात सापडते, त्यातच कधी समुद्रगाय अडकते, हे माझ्या वर्गातील मुलांना ठाऊक नव्हते. अरबीतही तिला ‘बकर अल् बहर’ म्हणतात. समुद्रतळाचे गवत चरणारा हा सुमारे ४०० किलोंचा गरीब प्राणी. श्वासासाठी तिला वर यावे लागते. जाळ्यात गुंतली की बुडून मरते. मादीला तीन ते सात वर्षांतून एकच पिलू होते, म्हणून एकेक मरण जड जाते.

सन १९८३ मध्ये युद्धात इराणच्या नौरोझ विहिरींचे तेल सांडले आणि आखातात अनेक समुद्रगाई मेल्या. तरीही १९८६ साली विमानातून पाहणी करणाऱ्यांना बहारीन व कतारमधल्या पाण्यात सहाशेहून अधिक समुद्रगाईंचा एकच कळप दिसला! तिथल्या हवार बेटांना १९९७ मध्ये रामसर यादीत स्थान मिळाले.

दोष एकट्या कोळ्याच्या माथी मारणे मला पटत नाही. भरावाखाली गवत गाडले जाते, आणि भरावावरच आपली कित्येक बिऱ्हाडे आहेत. एका मुलाने विचारले, “बाई, आमच्या घराखाली समुद्र होता?” जुना नकाशा उघडला. त्याची गल्ली पाण्यात होती.