गिअर अडतो तेव्हा दोष कोणाचा?

सायकलीचा मागचा गिअर पडेनासा झाला, साखळी चकत्यांवर कुरकुरू लागली किंवा दोन गिअरांच्या मध्येच रेंगाळू लागली, की पहिला पेचकस साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या डिरेलरवरच्या दोन लहान स्क्रूंकडे वळतो. आणि ज्यांचा त्या तक्रारीशी बहुधा काडीमात्र संबंध नसतो, अशा त्या स्क्रूंची मूळची योग्य जुळणी नाहक बिघडून बसते.

वस्तुस्थिती अशी, की हे स्क्रू केवळ हद्द कायम करतात. ‘एच’ अक्षराचा स्क्रू साखळीला सर्वांत लहान चकतीच्या बाहेर, फ्रेमच्या बाजूस जाऊ देत नाही. ‘एल’ अक्षराचा तिला सर्वांत मोठ्या चकतीच्या आत, आऱ्यांकडे जाऊ देत नाही. मधल्या चकत्यांवर त्यांचा अंमल नाही. उलट ‘एल’ स्क्रू अकारण सैल झाला, तर ऐन चढावर डिरेलर आऱ्यांत शिरून चाकाची आणि कधी स्वाराचीही हानी होते, हे मला येथे अत्यंत गांभीर्याने सांगावेसे वाटते.

मधल्या चकत्यांचा सारा कारभार तारेकडे असतो. स्प्रिंग साखळीला लहान चकतीकडे ओढते, तार तिला मोठीकडे खेचते. जुन्या पद्धतीत स्वार दांडी किंचित पुढेमागे सारून साखळी स्वतःच जुळवून घेई; परंतु १९८४ साली शिमानो कंपनीने ड्युरा-एस संचात प्रत्येक गिअरला ठरावीक खटका देणारी पद्धत आणली, ती पुढे सर्वत्र रूढ झाली, आणि स्वाराच्या अंदाजाचे काम तारेच्या नेमक्या ताणावर येऊन पडले. सात चकत्यांच्या संचात दोन चकत्यांच्या मध्यांतील अंतर सुमारे ५ मिलिमीटर, नवाच्या संचात सुमारे ४.३५, एवढ्या अंतरात तार किंचित सैल पडली तरी खटका वाया जातो.

यासाठी मागचे चाक अधांतरी धरून पेडल फिरवावे, साखळी सर्वांत लहान चकतीवर आणावी आणि एकच खटका द्यावा. ती दुसऱ्या चकतीवर चढण्यास कुचरली, तर तार सैल आहे: डिरेलरपाशी तार जेथे शिरते तेथील फिरकी, मागून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट, पाव फेरा फिरवावी आणि पुन्हा पाहावे. नवी तार घातल्यावर थोड्याच दिवसांत गिअर चुकू लागले, तर माल खोटा होता असे समजू नये. तारेच्या आवरणाची टोके आपापल्या जागी बसतात, त्यामुळे ताण उतरतो.

याउलट साखळी चढते ठीक, पण उतरताना उशीर लावते, असे असेल तर ताण अधिक झाला आहे किंवा तार आवरणात अडते आहे. पुण्याच्या एका पावसाळ्यात मी दोन दिवस ती फिरकीच उलटसुलट करीत राहिलो; अखेर डिरेलरपाशी आवरण जेथे वळते तेथून तार ओढून काढली, तेव्हा तिच्यावर बोटभर लांबीचा तांबूस गंज दिसला. पाणी नेमके त्या वळणात साचते. तेथे तेल घालून काही साधत नाही, कारण धूळ त्याला चिकटते; तार आणि आवरण दोन्ही बदलावीत.

जोर देताच साखळी दात्यांवरून घसरत असेल, तर मात्र ती मोजावी. साखळी ‘ताणली’ जाते असे म्हणतात. वास्तविक पोलाद ताणले जात नाही, सांध्यांच्या खिळ्या झिजतात. एका खिळीच्या मध्यापासून चोविसाव्या सांध्यापलीकडच्या खिळीच्या मध्यापर्यंत नव्या साखळीचे माप १२ इंच भरते. ते १/१६ इंचाने वाढले, की साखळी बदलावी. त्यापुढे ढकलत राहिल्यास दातेही झिजतात आणि मग नवी साखळीसुद्धा जुन्या चकतीवर घसरते.

सायकल उजव्या बाजूवर पडल्यानंतर सुरू झालेल्या तक्रारीत मात्र तार निर्दोष असू शकते. डिरेलर ज्या लहान पट्टीवर लटकतो ती मऊ ॲल्युमिनियमची असेल तर सहज वाकते, आणि ती सरळ केल्यावाचून एका टोकास जुळलेली साखळी दुसऱ्या टोकास चुकतेच. म्हणून सायकल आडवी ठेवायची झाल्यास डाव्या कुशीवर ठेवावी.