विश्लेषण : केबल लॅनची, पण आत नेटवर्क नाही! संगणकाचा पडदा १०० मीटर लांब कसा जातो?

हवाई वाहतूक नियंत्रण कक्षात किंवा वृत्तवाहिनीच्या स्टुडिओत टेबलावर अनेकदा फक्त पडदे, कीबोर्ड आणि माऊस दिसतात. संगणक असतात दूरच्या थंड खोलीत. पंख्यांचा आवाज नको, उष्णता नको आणि कुणाचा हातही लागायला नको. या दोन टोकांना जोडते ती बऱ्याचदा साधी लॅन केबल. आता सभागृहे आणि वर्गखोल्यांतही हे तंत्र आले आहे. मात्र सगळ्याच एक्स्टेंडर पेट्यांना एकसारखा लॅन जॅक असल्याने खरेदीत घोळ होतो. तो लक्षात येतो भिंत बुजवून रंग दिल्यावर.

मूळ केबलच लांब का घेत नाहीत?

साधी एचडीएमआय केबल फोर-के चित्रासाठी काही मीटरपुढे भरवशाची राहत नाही. यूएसबी २.० ची मर्यादा ५ मीटर आणि तिथे अडचण केवळ सिग्नल क्षीण होण्याची नसते. संगणक माऊसला सतत विचारणा करतो. ठरलेल्या अत्यल्प वेळेत उत्तर आले नाही, तर गडबड झाली असे मानतो. म्हणून संगणकाजवळची पेटी मधल्या मधे ‘सध्या काही नाही, पुन्हा विचारा’ असे कळवून वेळ मारून नेते. तोवर पलीकडचे खरे उत्तर पोहोचते.

लॅन केबलच का?

तिच्यात पिळलेल्या तारांच्या चार जोड्या असतात. बाहेरचा विद्युत गोंगाट जोडीतील दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो आणि दुसऱ्या टोकाला दोन्हींतील फरक घेताना वजा होतो. प्रत्येक जोडीचा पीळ मात्र वेगळा, त्यामुळे तारांची खरी लांबीही थोडी वेगळी. व्हीजीएच्या जमान्यात लाल, हिरवा आणि निळा रंग वेगवेगळ्या जोड्यांतून जात. अंतर वाढले की अक्षरांच्या कडेला रंगीत सावल्या दिसत, त्या यामुळेच.

घोळ नेमका कुठे?

या पेट्या दोन जातींच्या. एक थेट जोडणीची. त्यातले प्रमुख नाव एचडीबेसटी. त्याची संघटना एलजी, सॅमसंग, सोनी आणि व्हॅलेन्स यांनी २०१० मध्ये स्थापन केली. चित्र, आवाज, नियंत्रण, इथरनेट आणि वीज एकाच केबलमधून १०० मीटरपर्यंत जाते. पण हा सिग्नल इथरनेटचा नव्हे. मध्ये नेटवर्क स्विच लावला की चित्र बंद. केबलमधून वीज जात असेल तर उपकरण बिघडण्याचाही धोका.

दुसरी जात चित्राचे डेटा पॅकेट करते. तिला स्विच चालतो, पण गणित आडवे येते. १९२० गुणिले १०८० बिंदूंचे, २४ बिट रंगाचे चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचे तर सुमारे ३ गिगाबिट लागतात. गिगाबिट नेटवर्कची क्षमता १. म्हणजे चित्र दाबून लहान करणे आले आणि त्याला वेळ लागतो. एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, तीन-चार फ्रेमचा उशीर झाला की माऊस जड वाटू लागतो. स्वागतकक्षातल्या टीव्हीला हे चालते, नियंत्रण कक्षाला नाही.

केबल घेताना काय पाहावे?

स्वस्त केबलमध्ये अनेकदा अॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. तिचा विद्युत रोध जास्त, त्यामुळे दूरच्या पेटीला पुरेशी वीज मिळत नाही आणि चित्र अधूनमधून जाते. शुद्ध तांब्याचीच घ्यावी. चाचणीही दुकानातल्या दोन मीटरच्या तुकड्यावर नको. पाइपातून ओढलेल्या पूर्ण लांबीवर, प्रत्यक्ष वापरायच्या पडद्यासह आणि प्लास्टर करण्याआधी.